मॉनिटर नंतर, आधी बॅटरी

कोल्हापुरातल्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"वडिलांचा टाइपसेटिंगचा व्यवसाय होता. १९९४ साली त्यांनी मुंबईहून असेंबल करून आणलेला ४८६ डीएक्स२ संगणक आणि त्यासोबतचा १४ इंची रंगीत मॉनिटर २००३ पासून आमच्या माळ्यावर पडून होता. येत्या दिवाळीत वडिलांना ७५ वर्षं पूर्ण होतात, तेव्हा तो चालू करून त्यांना दाखवायची इच्छा आहे. मॉनिटर लागत नाही. संगणक दुरुस्तीवाला म्हणतो, ट्यूब गेली, एलसीडी लावा. पुण्यात एकाकडे कॅबिनेटला शोभेल असा क्रीम रंगाचा मॉनिटर आहे, तो १८ हजार सांगतो. पिवळं पडलेलं कॅबिनेट पेरॉक्साइडने पांढरं करायचाही विचार आहे. या सगळ्यात मला नादच लागला. आता आणखी पाच सीपीयू आणि चार मॉनिटर जमलेत, एक खोली भरली, आणि घरात रोज बोलणी खातो. जोडी जुळवायला पैसे घालू की एलसीडीवर भागवू? आणि बाकीच्या सामानाचं काय करू?"

नमस्कार,

१८ हजार सध्या खिशातच ठेवा. तुमचा प्रश्न मॉनिटरचा आहे, पण तुम्ही पत्र लिहीत होता तेव्हाही जी वस्तू झिजत होती ती मॉनिटर नव्हे. कॅबिनेट उघडलं की नाही, याचा पत्रात उल्लेख नाही. उघडलं नसेल तर आजच उघडा, वायर न लावता. मदरबोर्डवर, बहुतेक वेळा कीबोर्डच्या गोल सॉकेटजवळ, निळी किंवा हिरवी, बोटाच्या पेराएवढी आडवी बॅटरी दिसेल. ती ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. वीस-पंचवीस वर्षांत ती हमखास गळते. तिच्यातला अल्कलीयुक्त द्रव तांब्याच्या रेषा आतून खात जातो. माळ्यावरची दमट हवा त्याला मदतच करते. संगणक बंद असला तरी हे काम थांबत नाही.

बॅटरीचे पाय कटरने कापा आणि ती बाहेर काढा. हिरवा-पांढरा थर दिसला तर साधं पांढरं व्हिनेगर कापसाच्या काडीने तेवढ्याच जागी लावा. फेस येणं थांबलं की डिस्टिल्ड वॉटरने पुसा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि बोर्ड पूर्ण एक दिवस वाळू द्या. त्यानंतर बॅटरीभोवतीच्या काळ्या पडलेल्या रेषा मल्टिमीटरच्या बीप मोडवर एकेक करून तपासा. तुटलेली रेषा बारीक इनॅमल वायरने जोडता येते. कीबोर्डकडे जाणाऱ्या रेषा बॅटरीच्या अगदी शेजारून जातात, त्यामुळे गळतीचं पहिलं लक्षण पुष्कळदा "कीबोर्ड एरर" असं दिसतं आणि माणूस उगाच कीबोर्ड बदलत बसतो.

नवी बॅटरी त्याच जागी सोल्डर करू नका. बहुतेक ४८६ बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांचा हेडर (वायर लावायच्या उघड्या पिनांची रांग) असतो आणि शेजारी जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असतो. जंपर एक्सटर्नलवर करा, तीन एए सेलचा होल्डर लांब वायरने त्या हेडरला जोडा आणि होल्डर कॅबिनेटच्या तळाशी, बोर्डापासून दूर ठेवा. एक तपासणी विसरू नका: सेल काढून संगणक चालू करा आणि हेडरच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. तिथे व्होल्टेज आलं तर बोर्ड सेलना चार्ज करू पाहतोय, म्हणजे मध्ये करंट एकाच दिशेने जाऊ देणारा १एन४१४८ डायोड घालणं आवश्यक आहे. बॅटरी कुठेच दिसत नसेल आणि त्याऐवजी "डॅलस" लिहिलेला काळा, जाड चौकोनी ठोकळा असेल, तर बॅटरी त्याच्या आतच आहे. ती गळून बोर्ड खात नाही, फक्त संपते.

आता घाबरवणारी एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे ती पाहून तुम्ही हार्ड डिस्क फेकणार नाही. बॅटरी संपली की डिस्कची मापंही बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम, विसरतो. संगणक चालू केल्यावर "हार्ड डिस्क फेल्युअर" असा संदेश येतो आणि सगळं गेलं असं वाटतं. पुष्कळदा काहीही गेलेलं नसतं. बायोसच्या सेटअपमध्ये ऑटो डिटेक्शन असेल तर ते चालवा. नसेल तर टाइप ४७ किंवा "युजर" निवडा आणि डिस्कच्या लेबलवर छापलेले सिलिंडर, हेड आणि सेक्टर हे तीन आकडे हाताने भरा.

मात्र डिस्कला वीज देण्याआधी पॉवर सप्लाय वेगळा तपासायचा. झाकण काढून आधी आत पाहा: पालीची अंडी, झुरळांची घाण, फुगलेले कपॅसिटर. एटी काळातल्या, म्हणजे तुमच्या ४८६ सारख्या, कॅबिनेटमध्ये पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्ट येतात. त्या बटणाच्या चार वायरी चुकीच्या जोडल्या तर मेन्सच शॉर्ट होतो. म्हणून त्या काढायच्याच झाल्या तर आधी फोटो घ्या. सप्लायच्या आतला मोठा कपॅसिटर ३२५ व्होल्टच्या आसपास भरलेला असतो, वायर काढल्यावरही काही वेळ. मल्टिमीटरने शून्य दिसल्याशिवाय बोट घालायचं नाही.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज लॅम्प, म्हणजे मेन्सच्या वाटेत मध्ये जोडलेला बल्ब, वापरा. टीव्ही मेकॅनिककडे लाकडी बोर्डवर असतो तोच, १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब. एलईडीचा चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, प्रखरच राहिला तर आत शॉर्ट आहे. हे पाहून झालं की व्होल्टेज मोजण्यासाठी सप्लाय थेट मेन्सवर घ्या. हे सप्लाय लोडशिवाय नीट चालत नाहीत, तेव्हा एखादी निकामी झालेली पण फिरणारी डिस्क किंवा गाडीचा १२ व्होल्टचा छोटा बल्ब जोडा. ५ व्होल्टच्या लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५ आणि १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६ मिळायला हवेत. मदरबोर्डला जाणारे दोन लांबट कनेक्टर शेजारी-शेजारी लावताना काळ्या वायरी मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलटे लावले तर बोर्ड वाचत नाही.

इथवर आलात की वडिलांच्या कामाकडे वळा. मला वाटतं, तुमच्या घरातली खरी दुर्मीळ गोष्ट त्या डिस्कवर आहे. ४८६ चा बोर्ड दुसरा मिळेल, मॉनिटर मिळेल. वडिलांनी लावलेल्या लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंकांची पानं दुसरीकडे कुठेही नाहीत. म्हणून डिस्क फिरली, की "चालतोय" म्हणून आनंदाने विंडोजमध्ये हिंडत बसू नका. लगेच प्रत काढा. यूएसबीला आयडीई (रुंद पट्टीच्या केबलची जुनी) डिस्क जोडणारे स्वस्त अ‍ॅडॅप्टर इतक्या जुन्या, ५०० एमबीच्या आतल्या डिस्क पुष्कळदा ओळखतच नाहीत, कारण ते एलबीए पद्धतीची, म्हणजे डिस्कच्या तुकड्यांना सलग क्रमांक देण्याची, अपेक्षा करतात आणि या डिस्कना फक्त सिलिंडर-हेड-सेक्टर कळतं. तुम्ही जमवलेल्या पाचांत एखादा पेंटियम ३ असेल तर त्याचा इथे उपयोग होईल. जुनी डिस्क एका आयडीई चॅनलवर आणि नवी दुसऱ्यावर लावा, लिनक्सच्या सीडीने बूट करा आणि डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या. पहिल्या फेरीत अडलेले भाग सोडून सोपं ते सगळं उतरवा, दुसऱ्या फेरीत अडलेल्या भागांकडे परत या. कुठवर उतरलं याची नोंद ठेवणारी त्याची मॅप फाइल जपली तर मध्येच थांबवून पुन्हा सुरू करता येतं. डिस्क फिरतच नसेल तर ती ठोकू नका, गरमही करू नका. ती बाजूला ठेवा आणि डेटा रिकव्हरीवाल्यांकडे न्या.

डीटीपीच्या, म्हणजे छपाईची पानं लावायच्या, संगणकाला आणखी दोन गोष्टी लागू होतात. त्या काळचे मराठी फॉन्ट युनिकोडचे नव्हते. प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी होती, त्यामुळे पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅमची फाइल नुसती नव्या संगणकावर नेली तर अगम्य चिन्हांची रांग दिसते. फाइलींसोबत विंडोजमधले सगळे फॉन्ट उतरवून घ्या, नाहीतर मजकूर असूनही वाचता येणार नाही. दुसरी गोष्ट, मागच्या प्रिंटर पोर्टवर काडेपेटीएवढा प्लास्टिकचा तुकडा अडकवलेला आहे का, ते पाहा. भारतीय भाषांच्या अनेक डीटीपी पॅकेजेसना असं हार्डवेअर लॉक लागायचं. त्याच्याशिवाय प्रोग्रॅम उघडतच नाही. प्रिंटरचा जुना कनेक्टर समजून तो भंगारात गेला असेल, तर माळा पुन्हा एकदा शोधा.

आणि हे वडिलांना आताच विचारा. दिवाळीचा आश्चर्याचा धक्का देण्याचा तुमचा विचार समजतो, पण पासवर्ड, लॉक कुठे ठेवलं, कुठली फ्लॉपी कशाची, हे त्यांच्याइतकं कोणालाही माहीत नाही. बुरशीचे पांढरे ठिपके पडलेल्या फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. डिस्क तर खराब होतेच, शिवाय हेडला लागलेली घाण पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे काढते.

रोजच्या वापरासाठी मूळ डिस्क पुन्हा लावायची गरज नाही. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि आयडीई अ‍ॅडॅप्टर घ्या. या पिढीच्या बायोसला १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर यापुढे दिसत नाही, म्हणजे ५०४ एमबी. मोठं कार्ड चालेल, पण त्यातला तेवढाच भाग वापरता येईल.

आता मॉनिटर.

"ट्यूब गेली" हे निदान मला घाईचं वाटतं. पिक्चर ट्यूब क्वचितच एकाएकी मरते. ती वर्षानुवर्षं मंद होत जाते, चित्र धूसर होतं, एखादा रंग कमकुवत पडतो. शेवटचा वापरला तेव्हा चित्र चांगलं होतं का, हे वडील सांगू शकतील. चांगलं असेल तर दोष बहुधा सर्किटमध्ये आहे, आणि त्यातही जड पार्ट्सच्या पायांना आलेल्या ड्राय सोल्डरचा नंबर पहिला. हाय व्होल्टेज बनवणारा ईएचटी ट्रान्सफॉर्मर, मोठे कपॅसिटर, योकचा (ट्यूबच्या मानेवर बसवलेल्या कॉइलचा) कनेक्टर तापतात आणि थंड होतात, आणि त्यांच्या पायांभोवती सोल्डरला बारीक गोल तडा जातो. भिंगाने तो दिसतो.

ट्यूब खरंच गेली का, हे पाहण्याची एक खूण आहे. मागचं झाकण काढल्यावर काही ट्यूबच्या मानेच्या, म्हणजे मागच्या निमुळत्या टोकाच्या, काचेवर आतून चंदेरी किंवा गडद आरशासारखा डाग दिसतो. तो तसाच असेल तर निर्वात शाबूत आहे. दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे आणि ट्यूब संपली. हे पाहायला वीज लागत नाही. वीज दिल्यावर मानेत नारिंगी उजेड दिसला तर हीटर चालतोय. पडद्याजवळ हात नेल्यावर केस उभे राहिले तर हाय व्होल्टेजही तयार होतंय. मधोमध एकच आडवी रेघ दिसत असेल तर चित्र वर-खाली पसरवणारा व्हर्टिकलचा आयसी किंवा त्याचा सोल्डर पाहा, आणि चित्र नुसतंच पिवळं किंवा जांभळं असेल तर आधी केबलच्या टोकाची वाकलेली पिन पाहा.

सिरीज लॅम्प इथेही वापरा, पण डिगॉसिंग कॉइलचा (पडद्याचं चुंबकत्व घालवणाऱ्या कॉइलचा) प्लग तात्पुरता काढून. ती कॉइल सुरुवातीला भरपूर करंट ओढते, बल्ब भडकतो आणि शॉर्ट नसतानाही शॉर्ट वाटतं.

एक अट मात्र पाळाच. रंगीत ट्यूबच्या अ‍ॅनोडवर २० ते २५ हजार व्होल्ट असतात, आणि मॉनिटर बंद केल्यावरही चार्ज राहू शकतो. अ‍ॅनोड कॅपखाली (ट्यूबला जाड वायर जिथे लागते तिथल्या रबरी झाकणाखाली) हात घालण्याआधी ट्यूबच्या पाठीवरच्या उघड्या अर्थ वायरीला क्लिपने जोडलेला, चांगल्या इन्सुलेशनचा स्क्रूड्रायव्हर कॅपखाली सरकवून तो डिस्चार्ज करतात, आणि काही मिनिटांनी पुन्हा एकदा, कारण काच थोडा चार्ज परत देते. तुम्ही हे कधी केलेलं नसेल तर एकट्याने, वाचून, करू नका. मानेला धक्का लागला तर ती मोडते आणि ट्यूब कायमची जाते. या कामासाठी संगणकवाला नको, जुना टीव्ही मेकॅनिक शोधा, ज्याने रंगीत पिक्चर ट्यूबचे टीव्ही वर्षानुवर्षं उघडले आहेत. मॉनिटरची लाइन स्टेज, म्हणजे हाय व्होल्टेज बनवणारा भाग, त्याला परकी नाही. कोल्हापुरात, इचलकरंजीत, सांगलीत असे लोक अजून दुकान उघडून बसलेले सापडतील.

दरम्यान एलसीडी वापराच, पण तपासणीसाठी. ज्याची खात्री नाही तो संगणक आणि ज्याची खात्री नाही तो मॉनिटर कधीही एकत्र तपासू नका. संगणक चालू एलसीडीवर बघा, मॉनिटर चालू संगणकावर. निम्मे गोंधळ इथेच संपतात. व्हीजीए सॉकेटचा, चौरसाकडे झुकणारा ५:४ प्रमाणाचा जुना १७ इंची एलसीडी या कामाला चांगला. डॉसचा ७२० बाय ४०० चा मजकूर तो थोडा फुगवून, धूसर दाखवेल, पण दाखवेल.

आता जोडी जुळण्याबद्दल. क्रीम रंगाचा मॉनिटर कॅबिनेटला शोभेल, हे मान्य. पण १९९४ मध्ये असेंबल केलेल्या संगणकात कॅबिनेट एका दुकानातून यायचं, मॉनिटर दुसऱ्या कंपनीचा असायचा आणि दोघांचा क्रीम थोडा वेगळाच असायचा. कारखान्यातून जोडीने निघालेली यंत्रं वेगळी. १९८१ चा आयबीएम पीसी आणि त्याचा ५१५१ हा हिरवा मॉनिटर हे त्याचं ठळक उदाहरण. तो मॉनिटर १८.४३ किलोहर्ट्झ आणि ५० हर्ट्झलाच चालतो आणि वीजही पीसीच्या मागच्या सॉकेटमधून घेतो. तिथे जोडीदार शोधण्याला अर्थ आहे, कारण चुकीच्या कार्डावर लावला तर मॉनिटर जळू शकतो. तुमच्याकडे असलेली अस्सल जोडी म्हणजे वडील ज्याच्यासमोर बसत होते तो मॉनिटर, मग तो कॅबिनेटपेक्षा दोन छटा फिकट का असेना.

तरीही दुसरा मॉनिटर घ्यायची वेळ आली, तर रंगाआधी फ्रिक्वेन्सी विचारा. साध्या व्हीजीएला ३१.५ किलोहर्ट्झ लागतात. त्या काळचे बरेचसे १४ इंची मॉनिटर ३५ ते ३८ किलोहर्ट्झपर्यंतच जातात. पेजमेकरसाठी १०२४ बाय ७६८, ६० हर्ट्झ लावलंत तर ४८ किलोहर्ट्झ हवेत, आणि बिनासंरक्षणाचा जुना मॉनिटर अशा सिग्नलवर शिट्टी मारत राहिला तर त्याचा हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर जातो. विकणाऱ्याकडून दोन गोष्टी पाहून घ्या: थंड अवस्थेतून चालू केल्यापासून अर्ध्या तासाचं चित्र, आणि पूर्ण पांढरा पडदा. पांढरा पडदा एकसारखा नसेल, किंवा टास्कबारची सावली जळून राहिली असेल, तर किंमत काहीही असो, नको. गाडीतून आणताना पडदा खाली करून जाड फोमवर ठेवा. सगळं वजन पुढच्या काचेत असतं. कुरिअरने मुळीच मागवू नका.

पेरॉक्साइडच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: यंदा करू नका. एबीएस प्लास्टिकमध्ये आग रोखण्यासाठी घातलेली ब्रोमीनची संयुगं आणि अतिनील किरण यांमुळे ते पिवळं पडतं. १२ टक्क्यांचं, सलूनच्या दुकानात ४० व्हॉल्यूम म्हणून मिळणारं क्रीम लावून, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून उन्हात ठेवलं की रंग परत येतो. पण क्रीम कुठे जाड-पातळ बसलं की कायमचे पट्टे पडतात, आणि पिवळेपणा पुढे परतही येऊ शकतो. आधी कोमट पाणी, भांडी घासायचा द्रव आणि मऊ ब्रश एवढ्याने धुऊन बघा. तुम्हाला पिवळेपणा वाटतोय त्यातला बराचसा छापखान्याची धूळ आणि हातांचा मळ असू शकतो. करायचंच असेल तर भंगारातल्या पट्टीवर आधी प्रयोग करा, हातमोजे आणि चष्मा घालून.

राहिली ती भरलेली खोली. घरच्यांची तक्रार मला रास्त वाटते. एक मॉनिटर दहा-बारा किलोचा, त्याच्या काचेत शिसं, आणि उघडी ट्यूब लहान मुलांच्या हाताशी नको. यंत्रं किती ठेवायची, हे जागेवरून नव्हे तर तुम्ही किती चालू ठेवू शकता यावरून ठरवा. पडून राहिलेला मॉनिटर दमट हवेत बिघडत राहतो. त्याला दोन-तीन महिन्यांतून एकदा तासभर चालवावं लागतं. पावसाळ्यात तर आधी खोली कोरडी करून, कारण ओलसर धुळीवरून हाय व्होल्टेज उडालं की तडतड आवाज आणि ओझोनचा वास येतो. हे वेळापत्रक नोकरी सांभाळून दोन, फार तर तीन मॉनिटरसाठी जमतं.

त्यामुळे पाचही सीपीयू उघडा आणि आज त्यांच्याही बॅटऱ्या काढा. हे एकच काम सगळ्यांवर करायचं. पेंटियम ३ ठेवा, तो तुमचं अवजार आहे. त्याच्या मदरबोर्डवर प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेत का ते पाहा, १९९९ नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरची लाटच आली होती. ८० च्या दशकातलं एखादं ब्रँडेड यंत्र सापडलं असेल, उदाहरणार्थ १९८४ मध्ये सुरू झालेल्या क्लास योजनेतून आपल्या शाळांत आलेला बीबीसी मायक्रो, तर तेही ठेवा. पण त्याच्या पॉवर सप्लायमधले पारदर्शक पिवळट, आतून तडकलेले रिफा कपॅसिटर बदलल्याशिवाय वीज देऊ नका. ते धूर काढून फुटतात. जागी त्याच क्षमतेचे (मायक्रोफॅरडचा आकडा तोच असलेले), २७५ व्होल्ट एसीचे, मेन्सवर लावायच्या एक्स२ दर्जाचे बसतात.

चार मॉनिटरपैकी वडिलांच्या मॉनिटरसारखंच मॉडेल एखादं असेल तर ते सुट्या भागांसाठी राखा. नुसती ट्यूब बदलण्याच्या भानगडीत पडू नका. ट्यूब आणि योक कारखान्यात एकमेकांशी जुळवून बसवलेले असतात. बदलायचंच तर योकसकट, किंवा सरळ आतलं सगळं उचलून वडिलांच्या मॉनिटरच्या कव्हरमध्ये बसवायचं. उरलेले मॉनिटर शिकणाऱ्या कोणाला द्या, नाहीतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतल्या अधिकृत ई-कचरा प्रक्रियाकाराकडे. भंगारवाल्याला देऊ नका. तो योकमधल्या तांब्यासाठी मान फोडतो आणि शिशाची काच नाल्याकाठी पडते.

दिवाळीपर्यंतचा क्रम असा धरा: या आठवड्यात बॅटऱ्या, या महिन्यात पॉवर सप्लाय आणि डिस्कची इमेज, त्यानंतर मॉनिटर मेकॅनिककडे. मेकॅनिकला दीड-दोन महिने द्या. पार्ट मिळायला वेळ लागतो आणि घाईत केलेलं काम पुन्हा करावं लागतं. मॉनिटर तोवर तयार झाला नाही तर त्या दिवशी एलसीडी लावा आणि वडिलांच्या फाइली त्यांच्याच फॉन्टमध्ये उघडून द्या.